शरद ऋतूत ढालकिड्याच्या अळ्या शोधाव्यात आणि ओळखाव्यात कशा?

लाल पाठीवर काळे ठिपके मिरवणारा ढालकिडा, म्हणजेच लेडीबर्ड बीटल, लहान मुलांनाही ओळखता येतो. त्याची अळी मात्र समोर आली तरी बहुतेकांना ती एखादी उपद्रवी कीड वाटते आणि ती सहज चिरडली जाते. लांबट, काळपट, अंगावर काटे किंवा गाठी असलेला आणि सहा पायांवर लगबगीने चालणारा हा जीव पुढे गोलसर, चकचकीत भुंगेरा होणार आहे, हे त्याच्या रूपावरून सुचतच नाही. अळ्या ओळखायला शिकण्यासाठी वसंतापेक्षा शरद ऋतू अधिक सोयीचा आहे, असे माझे मत आहे. वसंताच्या अखेरीस आणि उन्हाळ्यात एकाच झुडपावर अनेक जातींच्या अळ्या वेगवेगळ्या वयांत आढळतात आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो. शरदात ही यादी खूपच आखूड झालेली असते. त्यामुळे झाड कोणते आणि अळीच्या पोटावरचा, म्हणजे छातीमागच्या शरीरभागावरचा, नारिंगी रंग नेमक्या कितव्या खंडावर (आडव्या वलयावर) आहे, एवढ्या दोन गोष्टी नीट पाहिल्या तरी बरेचदा उत्तर मिळते.

या लेखातील वर्णन मुख्यतः उत्तर गोलार्धातील थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांना, तेथील सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळाला लागू पडते. दक्षिण गोलार्धात हाच ऋतू मार्च ते मे असा येतो आणि उन्हाची बाजूही दक्षिणेऐवजी उत्तर होते, एवढा बदल वाचकाने मनात करून घ्यावा.

शरदात अळ्या कमी का असतात, आणि ज्या असतात त्या कोणाच्या?

ढालकिड्याच्या आयुष्यात अंडी, अळी, कोष आणि प्रौढ असे चार टप्पे असतात. अळी तीन वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या एकूण चार अवस्था होतात. थंड प्रदेशांतील बहुतेक जाती हिवाळा प्रौढ रूपात, सालीखाली, पालापाचोळ्यात किंवा फटींमध्ये सुप्तावस्थेत काढतात. अळीला कडाक्याची थंडी सोसत नाही. म्हणून दिवस लहान होऊ लागले की अनेक जातींच्या माद्या अंडी घालणे थांबवतात आणि चरबी साठवण्याच्या मागे लागतात. सात ठिपक्यांचा ढालकिडा, अर्थात कॉक्सिनेला सेप्टेंपंक्टाटा, युरोपच्या उत्तर भागात वर्षाकाठी साधारण एकच पिढी पूर्ण करतो. त्यामुळे तेथे ऑक्टोबरमध्ये त्याची अळी दिसणे ही नेहमीची गोष्ट नव्हे.

याउलट हार्लेक्विन लेडीबर्ड, अर्थात हार्मोनिया ऍक्सिरिडिस, वर्षाला दोन किंवा त्याहून अधिक पिढ्या वाढवतो आणि थंडी दारात येईपर्यंत त्याची वीण चालू राहते. मूळचा पूर्व आशियातील हा ढालकिडा मावा आटोक्यात ठेवण्यासाठी उत्तर अमेरिकेत आणि युरोपात मुद्दाम सोडण्यात आला. उत्तर अमेरिकेत तो १९८८ मध्ये निसर्गात स्थिरावलेला आढळला, तर ब्रिटनमध्ये त्याची पहिली नोंद २००४ मधील आहे. आज या दोन्ही खंडांत ऑक्टोबरच्या मध्यानंतर एखाद्या शहरी झाडावर ढालकिड्याची काटेरी, काळी अळी दिसली तर ती हार्लेक्विनची असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. शक्यता म्हणजे ओळख नव्हे, पण तपासणी कोठून सुरू करायची हे तिच्यामुळे ठरते.

तापमानाचा हिशेबही लक्षात ठेवावा. हार्लेक्विनची वाढ साधारण १० ते ११ अंश सेल्सियसच्या खाली जवळपास थांबते. सुमारे २५ अंशांवर अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास तीन आठवड्यांच्या आसपास पूर्ण होतो. १५ अंशांच्या आसपास त्याला दुपटीहून जास्त वेळ लागतो. म्हणजेच शरदातील अळी एकाच झाडावर, कधी कधी एकाच फांदीवर, आठवडेच्या आठवडे रेंगाळते. निरीक्षकासाठी ही चांगली बाब आहे, कारण आज अर्धवट ओळखलेली अळी पुढच्या आठवड्यात तेथेच पुन्हा पाहता येते.

कोणत्या झाडांवर पाहावे

अळी शोधायची तर आधी तिचे खाद्य शोधावे. बहुतेक ढालकिड्यांच्या अळ्या मावा खातात आणि शरदात माव्याचे वेळापत्रक बदलते. पाने पिवळी पडू लागतात तेव्हा झाड पानांमधील नत्रयुक्त द्रव्ये परत ओढून घेते. ही द्रव्ये ज्या रसवाहिन्यांतून जातात त्याच वाहिन्यांत सोंड खुपसून मावा बसलेला असतो, म्हणून उन्हाळ्यात मंदावलेली त्याची वाढ काही झाडांवर पुन्हा जोर धरते. शिवाय उन्हाळाभर गवतावर किंवा शेतातल्या पिकांवर राहणाऱ्या माव्याच्या अनेक जाती हिवाळी अंडी घालण्यासाठी या काळात झाडाझुडपांवर परततात. यावरून एक सोपा नियम निघतो: उन्हाळ्यात फुलझाडे आणि पिके पाहावीत, शरदात मात्र नजर झाडांकडे वळवावी.

सायकामोर आणि इतर मेपल, लिंडेन आणि बर्च ही झाडे सर्वांत आधी पाहावीत. आयव्हीच्या वेली आणि नेटलची खाजरी रोपेही सोडू नयेत. झाडाखालची जमीन, बाक किंवा उभी केलेली वाहने चिकट झालेली असतील, पाने चकाकत असतील किंवा त्यांच्यावर काळी बुरशी धरलेली असेल, तर वर मावा आहे असे समजावे. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यावरच ही बुरशी वाढते. मुंग्यांची रांग खोडावरून वर चढत असेल तर तीही खूण मानता येते, मात्र मुंग्या माव्याची राखण करतात आणि अळ्यांना हुसकावतात, त्यामुळे मुंग्यांनी भरलेल्या फांदीपेक्षा शेजारच्या कमी गजबजलेल्या फांदीवर अळी सापडण्याची शक्यता अधिक.

मावा नसलेली, पण भुरीने पांढरी पडलेली पाने हे दुसरे ठिकाण. काही ढालकिडे मांसाहारी नसून भुरीची बुरशी खरवडून खातात, आणि शरदाच्या सुरुवातीला भुरी भरपूर असते. सायकामोर आणि ॲशच्या पानांच्या खालच्या बाजूला यामुळे ऑक्टोबरमध्येही पिवळसर अळ्या दिसू शकतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

शोधण्याची पद्धत

कोरडा, वारा नसलेला आणि निदान १२ ते १३ अंश तापमान असलेला दिवस निवडावा. सकाळी लवकर गेल्यास अळ्या थंडीने आखडून पानाखाली चिकटलेल्या असतात. अकरा ते तीन या वेळात त्या हालचाल करू लागतात, आणि हलणारी वस्तू डोळ्यांना आधी दिसते. झाडाच्या दक्षिणेकडील, ऊन लागणाऱ्या बाजूपासून सुरुवात करावी.

सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, मऊ केसांचा बारीक ब्रश, झाकणाच्या एक-दोन पारदर्शक डब्या आणि मोबाइलचा कॅमेरा पुरेसा आहे. पाने तोडू नयेत. देठाला बोटांनी आधार देऊन पान हळूच उलटावे आणि मुख्य शिरेच्या दोन्ही बाजू पाहाव्यात, कारण मावा शिरांना धरून बसतो आणि अळीही तेथेच फिरते. एकही अळी दिसली नाही तरी कात टाकलेली रिकामी कातडी, पानाला चिकटलेले कोष, किंवा पिवळ्या, उभ्या लावलेल्या अंड्यांचा पुंजका आहे का ते पाहावे. कातडी सापडली की अळी फारशी दूर नसते.

उंच फांद्यांसाठी झटकण्याची पद्धत वापरावी. फांदीखाली पांढरे कापड ताणून धरावे किंवा फिकट रंगाची छत्री उलटी धरावी आणि फांदीवर काठीने एकदाच, थोडा जोरकस ठोका द्यावा. हळूहळू हलवत राहिल्यास अळ्या उलट घट्ट पकडून बसतात, कारण त्यांच्या पोटाच्या टोकाला पृष्ठभागाला चिकटणारा एक अवयव असतो. कापडावर पडलेला कचरा लगेच झटकून टाकू नये. अर्धा मिनिट थांबल्यावर त्यातले काही तुकडे चालू लागतात. मात्र या पद्धतीचा एक तोटा आहे: अळी नेमकी कोणत्या पानावर, कशाजवळ बसली होती ही माहिती हातची जाते. म्हणून हाताला येणाऱ्या फांद्या आधी नजरेनेच तपासाव्यात आणि झटकणे शेवटी ठेवावे.

ही ढालकिड्याचीच अळी आहे ना?

जातीकडे वळण्यापूर्वी हा प्रश्न सोडवावा लागतो, आणि त्याचे उत्तर पायांत आहे. ढालकिड्याच्या अळीला डोक्यामागच्या तीन खंडांवर प्रत्येकी एक अशा पायांच्या तीनच जोड्या असतात; हे पाय बऱ्यापैकी लांब असतात आणि वरून पाहतानाही बाजूंना दिसतात. पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांना पोटाखाली मांसल, आखूड पायांच्या जास्तीच्या जोड्या असतात. पाय अजिबात नसतील आणि पुढचे टोक निमुळते होत गेले असेल, तर ती माव्यातच वावरणारी सिरफिड माशीची अळी होय.

खरा गोंधळ होतो तो क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळीशी. तिलाही सहा पाय असतात, तीही माव्यातच हिंडते आणि तितकीच चपळ असते. फरक तोंडात पाहावा: क्रायसोपाच्या डोक्यापुढे कोयत्यासारखे वाकलेले दोन लांब जबडे स्पष्ट बाहेर आलेले असतात, तर ढालकिड्याच्या अळीचे जबडे लहान असतात आणि वरून दिसतही नाहीत. क्रायसोपाचा रंगही बहुधा फिकट तपकिरी असतो, आणि काही जातींच्या अळ्या तर पाठीवर कचरा व शिकारीची रिकामी कातडी लादून फिरतात. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या फुगीर, पाठीला कुबड असलेल्या आणि मंद असतात, व त्यांच्या आसपास पानाला भोके पडलेली दिसतात.

पांढऱ्या, मेणचट तंतूंनी झाकलेली अळी दिसली तर तिला पिठ्या ढेकूण समजून सोडून देऊ नये. क्रिप्टोलीमस माँट्रोझिएरी या मूळच्या ऑस्ट्रेलियन ढालकिड्याची अळी अगदी अशीच दिसते. मात्र ती पिठ्या ढेकणापेक्षा बरीच मोठी होते आणि भरभर चालते. थंड प्रदेशांत ती बाहेरच्या झाडांपेक्षा हरितगृहात, जैविक नियंत्रणासाठी सोडलेली असताना भेटते.

पोटाचे खंड मोजणे

संपूर्ण ओळख या एका कौशल्यावर उभी आहे, म्हणून येथे घाई करू नये. डोक्यामागे छातीचे तीन खंड असतात आणि पायांची प्रत्येक जोडी त्यांपैकी एकावर असते. पायांची तिसरी जोडी ज्या खंडावर आहे, त्याच्या लगेच मागचा खंड म्हणजे पोटाचा पहिला खंड. तेथून शेपटीकडे मोजत जावे. पाय पानाच्या सावलीत दडले असतील तर मोजणी एका खंडाने चुकते आणि त्याबरोबर ओळखही चुकते, म्हणून बाजूने काढलेला फोटो वरून काढलेल्या फोटोइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रत्येक खंडावर आडव्या ओळीत सहा गाठी किंवा काटे असतात: मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक, त्यांच्या थोड्या खाली, पाठीच्या उतारावर एकेक, आणि अगदी कडेला एकेक. कोणत्या खंडावरची कोणती गाठ रंगीत आहे, हे टिपून घ्यावे. केवळ ‘काळी, त्यावर नारिंगी’ एवढ्या वर्णनात निम्म्या जाती बसतात.

दुसरे पथ्य वयाचे. येथे दिलेली वर्णने चौथ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेची आहेत. पहिल्या अवस्थेतील अळ्या जेमतेम २ मिलिमीटरच्या आणि बहुतांश काळ्याच असतात. त्यांना जातीचे नाव देण्याचा प्रयत्न करू नये. सुदैवाने चारही अवस्थांत शेवटची सर्वांत जास्त दिवस टिकते, त्यामुळे सापडणाऱ्या अळ्यांत तीच अधिक असते. नुकतीच कात टाकलेली अळी पिवळी-नारिंगी आणि मऊ दिसते. काही तासांत तिचा रंग गडद होतो, तोवर निर्णय राखून ठेवावा.

जातींची ओळख

हार्लेक्विनची पूर्ण वाढलेली अळी १० मिलिमीटरच्या आसपास भरते. रंग काळा असतो आणि पोटाच्या पहिल्या ते पाचव्या खंडांवर, पाठीच्या उतारावरच्या काट्यांना धरून, दोन्ही बाजूंना नारिंगी पट्टा जातो. पहिल्या खंडावर हा नारिंगी रंग मध्याकडेही वळतो, त्यामुळे प्रत्येक बाजूची आकृती काटकोनात मोडलेल्या रेघेसारखी दिसते. याशिवाय चौथ्या आणि पाचव्या खंडांवर मध्यरेषेजवळ नारिंगी ठिपक्यांची एकेक जोडी असते. रंगाइतकाच भरवशाचा पुरावा काट्यांचा: भिंगातून पाहिल्यास मध्यरेषेजवळचे काटे टोकाला तीन फाट्यांचे आणि उतारावरचे दोन फाट्यांचे दिसतात. वयाने लहान अळ्यांत नारिंगी रंग टप्प्याटप्प्याने येतो. दुसऱ्या अवस्थेत तो फक्त पहिल्या खंडावर असतो आणि तिसऱ्या अवस्थेत पाचव्या खंडापर्यंत पोचतो.

सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची अळी निळसर राखाडी असते. तिच्यावर सलग पट्टा नसून सुटे नारिंगी ठिपके असतात, आणि तेही फक्त पहिल्या व चौथ्या खंडावर, दोन्ही बाजूंना. डोक्यामागच्या पहिल्या खंडाच्या कोपऱ्यांवरही नारिंगी छटा असते. अंगावर गाठी आणि आखूड राठ केस असतात, फाटे फुटलेले काटे नसतात. थोडक्यात, पहिल्या आणि चौथ्या खंडांच्या मधले दोन खंड गडद असतील तर सात ठिपक्यांचा विचार करावा. तेही नारिंगी असतील तर हार्लेक्विनचा.

दोन ठिपक्यांच्या ढालकिड्याची, अर्थात अडालिया बायपंक्टाटाची, अळी लहान आणि गडद राखाडी असते. चौथ्या खंडाच्या अगदी मध्यावर एक पिवळा-नारिंगी डाग आणि पहिल्या व चौथ्या खंडांच्या कडांना तसेच डाग, ही तिची खूण. मध्यावरचा हा डाग सात ठिपक्यांच्या अळीत नसतो. मात्र तिचा जवळचा नातेवाईक असलेल्या दहा ठिपक्यांच्या ढालकिड्याची अळी इतकी सारखी असते की बागेत उभे राहून या दोघींत फरक करण्याचा आग्रह धरू नये. ‘अडालियाची अळी’ एवढी नोंद पुरेशी आणि प्रामाणिक आहे.

भुरी खाणाऱ्या अळ्या या सर्वांपेक्षा वेगळ्या दिसतात. नारिंगी ढालकिडा, अर्थात हॅलिझिया सेडेसिमगुटाटा, याची अळी फिकट पिवळसर असून तिच्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, आणि ती झाडांच्या पानांखाली सापडते. बावीस ठिपक्यांच्या ढालकिड्याची अळीही पिवळी आणि काळ्या ठिपक्यांची असते, पण ती जमिनीलगतच्या, भुरी पडलेल्या रानरोपांवर अधिक भेटते. येथे झाडाची नोंद रंगाच्या नोंदीइतकीच कामाला येते.

पिवळी अळी, अंगभर फांद्या फुटलेले काटे, आणि पानाचा हिरवा भाग खरवडून उरलेली जाळी, असे तिन्ही एकत्र दिसले तर ती एपिलॅक्ना गटातील, पाने खाणारी ढालकिड्याची अळी असावी. ढालकिडा म्हणजे मित्रकीटकच, हे गृहीतक या गटाला लागू पडत नाही.

न हलणारी अळी

शरदात पानाला डोके खाली करून चिकटलेली, पाठ वाकवलेली, निश्चल अळी वारंवार दिसते. ती मेलेली असेलच असे नाही. कोषात जाण्यापूर्वी अळी शेपटीचे टोक चिकटवून अशीच एक-दोन दिवस, थंडीत त्याहूनही अधिक काळ, थांबते. कोष तयार झाल्यावर त्याला ब्रशने हलकासा स्पर्श केल्यास तो झटकन ताठ उभा राहतो. हार्लेक्विनच्या कोषाच्या तळाशी अळीची काटेरी कातडी गोळा होऊन राहते, आणि तिच्यावरचे फाट्यांचे काटे पाहून कोषाचीही ओळख पटते. थंडीत तयार झालेले कोष उन्हाळ्यातल्यापेक्षा गडद असतात, म्हणून येथे रंगावर भिस्त ठेवू नये. अंगावर पांढरी लव धरलेली अळी मात्र बुरशीने मेलेली असते.

फोटो, नोंद आणि खात्री

वरून एक, बाजूने एक आणि झाडाचे पान ओळखू येईल असा एक, हे तीन फोटो घ्यावेत. सोबत तारीख, ठिकाण, झाड, पानाची वरची की खालची बाजू, आणि जवळ मावा होता की भुरी, हे लिहावे. अळी बोटाने उचलू नये. डिवचल्यास ती अंगातून पिवळा, कडू द्रव सोडते, आणि हार्लेक्विनच्या मोठ्या अळ्या क्वचित चावतातही. ब्रशच्या टोकावर तिला चढू द्यावे.

खात्री करून घ्यायची असेल तर अळी प्रौढ होईपर्यंत सांभाळणे हा सर्वांत पक्का मार्ग आहे. हवा खेळेल अशा डबीत, कागदाच्या कपट्यासह, एका वेळी एकच अळी ठेवावी, कारण दोन ठेवल्यास एक दुसरीला खाते. त्याच झाडावरची मावा असलेली ताजी डहाळी रोज द्यावी. भुरी खाणारी अळी असेल तर भुरीचे पान द्यावे. डबी थेट उन्हात ठेवू नये. कोष झाल्यावर त्याला जागेवरून काढू नये. बाहेर आलेला भुंगेरा सुरुवातीला फिकट पिवळा आणि बिनठिपक्यांचा असतो. ठिपके उमटायला काही तास लागतात, म्हणून पहिल्या दर्शनावरून नाव ठरवू नये.

स्थानिक जातीचा प्रौढ असेल तर एखाद्या उबदार दुपारी, दाट आयव्हीजवळ किंवा न झाडलेल्या पालापाचोळ्यापाशी त्याला सोडावे. हार्लेक्विनबाबत, तो जेथे परका आणि आक्रमक मानला जातो तेथील नियम पाहूनच निर्णय घ्यावा, कारण काही देशांत पकडलेली परकी जात पुन्हा निसर्गात सोडण्यास मनाई असते. अशा ठिकाणी अळी पकडून सांभाळण्यापेक्षा तिला झाडावरच राहू देऊन दर आठवड्याला तिचे फोटो घेत राहणे अधिक सोयीचे ठरते.